सातव्या मुलाखतीचं बारावं पान

९ ऑक्टोबर

नवऱ्याने आज ही वही आणून हातात ठेवली. म्हणाला, प्रबंधाची सगळी कुरकुर यात लिहीत जा, माझे कान किटले. नऊ वर्षं झाली, आता एक तर प्रबंध संपव नाहीतर मला तरी. वात्रटच आहे. पण वही चांगली आहे, जाड कागदाची, म्हणून लिहिते.

कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात मी चौदा बायकांच्या मुलाखती घेतेय. सगळ्या मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात तीस-तीस वर्षं राबून घरी बसलेल्या. प्रबंधात त्यांना नावं नाहीत, नुसते क्रमांक. त्यातल्या सात नंबरच्या मावशी माझ्या खास लाडक्या. दोन वर्षं त्यांच्याकडे जातेय. त्या मुलाकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो आणि यांच्याच इमारतीला लिफ्ट नाही, यावर त्या दर वेळी नव्याने हसतात.

आज संमतिपत्र पुन्हा भरून घ्यायचं होतं. मावशी म्हणाल्या, चष्मा कुठे गेलाय कोण जाणे, तूच वाच, तुझा आवाज छान आहे. मी वाचलं. सही करायला त्यांना पाच मिनिटं लागली. जीभ दातात धरून एकेक रेघ ओढत होत्या. तीस वर्षं इस्त्री धरली की बोटांचं असं होतं. हे ‘श्रमाच्या खुणा’ या प्रकरणात घालायचं. बसल्या जागी टिपून घेतलं. माझं निरीक्षण चांगलं आहे, हे मार्गदर्शक मॅडमसुद्धा मान्य करतात, आणि त्या सहसा काही मान्य करत नाहीत.

१८ ऑक्टोबर

आज घबाड हाती लागलं. धुलाईघरात प्रत्येक वॉर्डाच्या गाठोड्याला चिठ्ठी लावायची पद्धत होती. मावशी मात्र चिठ्ठीच्या जोडीला रंगीत दोरा बांधायच्या. बाळंतिणींना पिवळा, भाजलेल्यांना निळा, हाडांच्या वॉर्डाला तांबडा. एकवीस रंग त्यांच्या डोक्यात अजून पक्के आहेत. मी विचारलं, चिठ्ठी असताना दोरा कशाला? म्हणाल्या, चिठ्ठी भिजते, दोरा भिजून बिघडत नाही.

केवढी समज! कामकरी बायकांनी स्वतःसाठी घडवलेली खुणांची भाषा. यावर एक वेगळा लेख होईल. त्यांच्या टेबलावर रोजचा पेपर असतो, घडी न मोडलेला. म्हटलं, तुम्ही संध्याकाळी वाचता वाटतं. त्या हसल्या आणि त्याच पेपरवर पालेभाजी निवडायला घेतली.

३ नोव्हेंबर

मावशींचा मुलगा आज घरी होता. चाळिशीचा, भला माणूस. मला ताई म्हणतो. सदऱ्याचं वरचं बटण कायम उघडं. गळ्याशी आवळलेलं सहन होत नाही म्हणे, लहानपणापासून.

चहा आला. त्याचा बिनसाखरेचा. मी विचारलं, मधुमेह का? तर त्याने मजेत सगळी गोष्ट सांगितली. तो सात वर्षांचा असताना आई तेरा दिवस दवाखान्यात होती, जगते की मरते अशी अवस्था. लहान पोरांना आत सोडत नव्हते. तेव्हा त्याने मनाशी ठरवलं की आई बरी होऊन येऊ दे, मी साखर खाणार नाही. आई आली. तेव्हापासून तेहतीस वर्षं चहा कडू, गोडाचं नाव नाही. "बोलून बसलो होतो ताई. आता मोडायची भीती वाटते," म्हणाला आणि हसला.

मावशी मध्येच उठून दुधाखालचा गॅस बघायला गेल्या. त्यांना स्वतःचं कौतुक ऐकवतच नाही.

१५ नोव्हेंबर

हे आत्ता, घरी आल्या आल्या लिहिते. शब्द हातून निसटायला नकोत.

मी मावशींना सहज त्या आजारपणाबद्दल विचारलं. मग म्हणाल्या, मशीन बंद कर. मी रेकॉर्डर बंद केला. म्हणाल्या, हे लिहायचं नाही. मी मान हलवली. मग त्या बोलल्या ते असं :

"मी आजारी नव्हते. मी निघून गेले होते. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. पोर गुणाचं होतं. पण एक दिवस कामावरून सुटले आणि घरचा रस्ता धरवेना. रोज दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी, मग घरी येऊन ह्यांच्या चादरी. समोर जी बस उभी होती तिच्यात बसले. कुठे जाते तेसुद्धा विचारलं नाही. जिथे उतरले तिथे एका इस्त्रीच्या दुकानात काम मिळालं, मागे झोपायला जागा मिळाली. परत यायचं नव्हतं मला. अगदी मनापासून नव्हतं. पोराची आठवण काढली नाही मी, खोटं कशाला सांगू? शांत झोप लागायची."

मावशींच्या नवऱ्याने मुलाला सांगितलं की आई दवाखान्यात आहे. तिथेच नोकरी, त्यामुळे शेजाऱ्यांनाही पटलं. मी विचारलं, मग परत का आलात?

"दुकानात शाळेच्या सदऱ्यांचा ढीग आला. लहान लहान सदरे. इस्त्री करून वरचं बटण लावायचं आणि घडी घालायची. मी घड्या घालत गेले आणि मालक ओरडला, वरची बटणं उघडी का? पुन्हा लावली. पुढच्या ढिगाला पुन्हा तेच. माझ्या पोराला गळ्याशी आवळलेलं चालत नाही ना, हाताला तीच सवय. तीनदा बोलणी खाल्ली. डोक्याने मी त्याला विसरले होते, हात काही विसरायला तयार होईनात. चौथ्यांदा इस्त्री खाली ठेवली आणि बस पकडली. घरी आले तर हा दारात पायरीवर बसलेला, शाळेच्या सदऱ्यात, वरचं बटण लावलेलं. बापाला काय ठाऊक? मी आधी ते बटण काढलं. मग रडले."

मला म्हणाल्या, तुला सांगितलं, आता हलकं वाटतं. माझा हात कितीतरी वेळ हातात धरून बसल्या होत्या. त्यांच्या जिन्यावरून उतरताना मला रडू आलं. तिसऱ्या मजल्यावरून थेट खालपर्यंत.

२४ नोव्हेंबर

नऊ दिवस काही सुचत नाहीये. तेरा मुलाखतींत बायका तेच ते सांगतात : मुलांसाठी सोसलं. आणि या एकटीने सांगितलं की कारण नसताना उठून गेले, शांत झोप लागली. माझ्या प्रबंधाला जे हवं होतं ते हेच. लिहायचं नाही म्हणाल्या, खरं आहे. पण त्या म्हणाल्या ते लोकांना कळेल या भीतीने. सात नंबरला नाव नाही, गाव नाही, रुग्णालयाचं नाव नाही. कळणार कोणाला? प्रबंध वाचणार पाच माणसं, त्यातली दोन पगार घेऊन.

आज बसून या वहीतलं सगळं मुलाखतीच्या नोंदीत उतरवलं. बारा पानं झाली. हसण्या-थांबण्याच्या जागा कंसात घातल्या. छान उतरलंय.

८ डिसेंबर

मॅडमनी सातवी मुलाखत वाचून मला फोन केला. नऊ वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून. म्हणाल्या, तुझं पाचवं प्रकरण उभं राहिलं. मी हवेत.

मग भेटीत म्हणाल्या, फक्त शेवटचं पान काढ. ते बटणाचं. तुझा मुद्दा काय, तर बाईला घर नको होतं. आणि शेवटी तू आईच्या मायेवर आणून सोडतेस, सगळा मुद्दा ढिला पडतो. मी म्हटलं, पण त्या तसं म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या, सगळंच कोण छापतं? निवड करावीच लागते.

घरी येऊन बारावं पान काढलं आणि अकराव्याच्या शेवटी कंसात लिहिलं : (काही दिवसांनी परतली.) नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, हे जरा तुटल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, तुला संशोधनातलं काय कळतं? तो निमूट भांडी घासायला गेला.

काटछाट म्हणजे खोटं नव्हे. जे आहे ते त्यांचंच बोलणं आहे.

११ जानेवारी

गेल्या आठवड्यात विद्यापीठाच्या नीतिसमितीचं पत्र आलं. नवा नियम : मुलाखतीची लेखी नोंद ज्याची त्याला वाचायला द्यायची आणि त्याची सही घ्यायची. खाली मीही लिहून द्यायचं, ‘वरील नोंद पूर्ण व अचूक आहे’. मुदत तीस तारखेची. सही नसेल ती मुलाखत बाद.

तसा नियम चांगलाच आहे. आपलं बोलणं दुसऱ्याने काय करून ठेवलंय ते माणसाला कळायलाच हवं. मी वर्गात हे पोटतिडकीने शिकवते. पण आता परीक्षा तोंडावर, उत्तरपत्रिकांचे ढीग, आणि चौदा घरं. जवळची सहा-सात हातोहात करून घेतली. चौघींना निरक्षर म्हणून वाचून दाखवलं, प्रत्येकीचे दोन तास गेले. लिहितावाचता येणाऱ्यांना टपालाने पाठवते.

मावशींकडे खरं तर स्वतः जायला हवं होतं. मशीन बंद करून सांगितलेलं यात आहे, ते समोर बसून समजवायला हवं. पण समोर बसले तर त्या नको म्हणतील. कागदावर शांतपणे वाचलं तर त्यांनाच पटेल, आपण किती मोठं बोललो ते. पाकिटावर त्यांचं नाव घातलं, कोपऱ्यात ‘खाजगी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. अकरा पानं. शेवटी माझी सही आणि शिक्का.

२७ जानेवारी

सगळी पाकिटं परत आली, सातव्याचं नाही. मॅडम रोज विचारतात. मावशींना फोन केला, उचलत नाहीत.

२९ जानेवारी

आज मावशींचा मुलगा कॉलेजात आला. मी वर्गातून बाहेर आले तर व्हरांड्यात उभा, हातात माझंच पाकीट. सकाळपासून कामावर गेला नव्हता. बसा म्हटलं तर बसला नाही.

म्हणाला, सही झालीय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा. मी पान उघडून बघितलं. तीच सही, एकेक रेघ ओढलेली. मला हायसं वाटलं. हो, खोटं कशाला लिहू, पहिलं मला हायसंच वाटलं. म्हटलं, मावशींनी वाचलं ना सगळं?

"वाचलं मी," तो म्हणाला. "आईला वाचता येत नाही, ताई. तुम्ही दोन वर्षं येताय."

तो सांगत गेला, माझ्याकडे न बघता. पाकीट आलं तेव्हा आईला फार आनंद झाला. माझ्यावर लिहिलंय म्हणाली. शेजारणीला दाखवून आली. संध्याकाळी चहा घेऊन दोघं बसले आणि म्हणाली, वाच, मोठ्याने वाच. पहिली पानं ऐकून हसत होती. दोऱ्यांचं सगळं ऐकलं. नवव्या पानावर तिने अचानक पुरे म्हटलं. तो वाचत राहिला. त्याला वाटलं, लाजते. कंसातलंसुद्धा सगळं वाचलं, ‘थांबते’, ‘हसते’, सगळं.

"परत यायचं नव्हतं, शांत झोप लागायची, इथपर्यंत वाचलं," म्हणाला. "पुढे कंसात एक ओळ, परतली म्हणून. बाकी काही नव्हतंच. मग आईने पेन मागितलं आणि सही केली."

मग त्याने विचारलं की आता यात त्याने आणखी कुठे सही करायची आहे का. मी नाही म्हटलं. तो जिन्याने गेला. आमच्याकडे लिफ्ट आहे.

३० जानेवारी

चष्मा. सही. घडी न मोडलेला पेपर. एकवीस दोरे. मी त्या दोऱ्यांवर बावीस पानं लिहिली आहेत. मला निरीक्षणाचा अभिमान होता. इतर चौघींना मी वाचून दाखवलं, कारण त्यांनी वाचता येत नाही असं सरळ सांगितलं. मावशींना माझ्यापुढे सांगायची लाज वाटली. मी त्यांची लाडकी होते ना.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या गंभीर झाल्या. मग म्हणाल्या, पण सही आलीय. म्हणजे नियमाने सगळं ठीक आहे. आता काढलंस तर पाचवं प्रकरण गेलं आणि मुदतही गेली.

४ फेब्रुवारी

मावशींकडे गेले. मुलगा कामावर होता. त्यांनी दार उघडलं, बाजूला झाल्या, ये म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पायावर डोकं ठेवायला गेले तर खांदे धरून उठवलं.

मुलगा काही बोलत नाही म्हणे. भांडत नाही, जेवतो, औषधं आणून देतो. फक्त बोलत नाही.

म्हणाल्या, "तू हे लिहिलंस ते लिहिलंस. पण मी परत का आले ते का नाही लिहिलं? मी तुला सांगितलं होतं की नाही? मला वाटायला लागलं, मीच सांगायची विसरले."

मी सांगितलं की त्या विसरल्या नव्हत्या. मी ते काढलं. त्यांना कळेना, कशासाठी. मुद्दा ढिला पडतो, हे वाक्य त्या खोलीत तोंडातून बाहेर पडेना.

त्यांनी मुलाला सदऱ्यांचं सगळं सांगून बघितलं. तो म्हणाला, तेव्हा कागदावर का नव्हतं? त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडचं त्याला आता खरं वाटत नाही, बाळा. तेहतीस वर्षं मी त्याला दवाखाना सांगत आले. शिकलेल्या माणसाने लिहिलेलं त्याला पटेल. तू सांग."

मी हो म्हटलं. ही वही आहे. पंधरा नोव्हेंबरला सगळं शब्दन् शब्द लिहिलंय. त्या दिवशी मी काहीच काढलं नव्हतं.

७ फेब्रुवारी

समितीला पत्र दिलं : सातवी मुलाखत मागे घेते, ती रेकॉर्डर बंद असताना, लिहू नको म्हटलं असताना लिहिली, आणि अपुरी लिहिली. मॅडम म्हणाल्या, नऊ वर्षं पाण्यात घालवलीस. असू दे. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने कसलाही विनोद केला नाही, जवळ बसून राहिला.

९ फेब्रुवारी

रविवार. दुपारी वही घेऊन गेले. दोघंही घरी होते. मी मुलाला म्हटलं, तुमच्या आईने त्या दिवशी आणखी सांगितलं होतं, ते मी गाळलं, माझी चूक आहे, ते इथे आहे. तो ऐकतो म्हणाला. मी वाचलं. मशीन बंद कर, इथपासून मग रडले, इथपर्यंत. कंस नव्हते. मावशी भिंतीकडे बघत बसल्या होत्या.

वाचून झाल्यावर तो उठला, कपाटातून कागद काढले. त्याने अकराही पानांच्या प्रती काढून ठेवल्या होत्या. शेवटचं पान माझ्यासमोर धरलं.

"ही सही तुमची ना, ताई?"

मी हो म्हटलं.

"यात लिहिलंय, पूर्ण व अचूक आहे."

मी म्हटलं, ते खोटं होतं. हे खरं आहे.

तो रागावला नव्हता, तेच वाईट होतं. मग हळू म्हणाला, "तुम्ही चांगल्या आहात. आईसाठी हे लिहून आणलंत. पण वहीच आहे ना ताई, घरी बसून काहीही लिहिता येतं. तुम्हाला हवं ते काढता येतं, तसं हवं ते घालताही येतं."

मी तारीख दाखवली. मागची-पुढची पानं दाखवली. शाई सगळीकडे एकच. त्याने मान हलवली, एखाद्या पेशंटची समजूत घालावी तशी. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं. म्हणावंसं वाटलं, हा बघा पुरावा, तुमच्या गळ्याशीच आहे. पण तेही मी कुठेतरी आधी लिहून ठेवलेलं आहे, नोव्हेंबरच्या तीन तारखेला. त्यावरूनच पुढचं रचलंत, असं तो म्हणाला असता.

मावशी उठल्या, म्हणाल्या, चहा टाकते. तीन कप आणले. त्याचा वेगळा, नेहमीचा. त्याने साखरेचा डबा पुढे ओढला, दोन चमचे घातले आणि ढवळत राहिला. मावशींचा हात पुढे आला आणि तिथेच थांबला. त्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि सगळा चहा प्यायला.